व्हरांड्यातली सात मुलं

हे प्रकरण एका वर्गाचं आहे आणि त्यातल्या चुकीचा बराच वाटा माझा आहे, हे आधीच सांगून टाकतो. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पूर्वेला, एमआयडीसीला खेटून थेट डोंगरापर्यंत चढत गेलेल्या वस्त्या आहेत. तिथली ही एक मराठी माध्यमाची प्राथमिक शाळा. इयत्ता दुसरी, दुपारचं सत्र, पटावर ४१ मुलं, शैक्षणिक वर्ष २०२४-२५. मी दर मंगळवारी आणि शुक्रवारी दीड तास वर्गात मदतनीस म्हणून जात होतो. शाळेचं नाव मुद्दाम देत नाही, मुलांचीही नाही. ज्या मुलीभोवती हे सगळं फिरतं तिला वर्गात सगळे ‘छोटी’ म्हणायचे. तेच इथे ठेवतो.

माझं सांगायचं तर, सगळी नोकरी कारखान्यांच्या हिशेबखात्यात गेली. घर रस्त्याच्या पश्चिमेला ऐरोलीत, कंपनी पूर्वेला. रोज रस्ता ओलांडला, पण कंपनीच्या फाटकापलीकडच्या वस्तीत कधी पाऊल टाकलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर सकाळचा फेरफटका, पेपर आणि दुपारची झोप यांना सहा महिन्यांत कंटाळलो. शाळांना मदत करू इच्छिणाऱ्यांसाठी केंद्र सरकारचं ‘विद्यांजली’ नावाचं पोर्टल आहे, पण मी त्या वाटेने गेलो नाही. सरळ शाळेत जाऊन मोठ्या बाईंना भेटलो. त्यांनी अर्ज घेतला, आधारची प्रत घेतली, पोलीस पडताळणीचा दाखला मागितला. ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवरच्या अत्याचाराची घटना घडल्यावर नियम आणखी आवळले: दाराआड एकाही मुलाला घेऊन बसायचं नाही, मोबाइल पिशवीत राहील, फोटो काढायचा नाही. माझ्या दोन मित्रांना हे अपमानास्पद वाटलं. मला नाही वाटलं. मला कोणी ओळखतच नव्हतं, तर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा?

मी मुलांना ‘काका’ म्हणायला सांगितलं होतं. त्यांनी माझ्या केसांकडे बघून ‘आजोबा’ ठरवलं.

वाटणी

जुलैच्या पहिल्याच मंगळवारी वर्गशिक्षिका बाईंनी सात मुलांना उभं केलं. “काका, ही सात जणं तुमची. बाहेर व्हरांड्यात घेऊन बसा, वाचन घ्या. बाकीच्यांना घेऊन मी पुढे जाते.”

यात कोणाला बाईंची चूक दिसत असेल तर त्याने एकदा ४१ मुलांसमोर उभं राहून बघावं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिकच्या ३० मुलांमागे एक शिक्षक असं प्रमाण आहे, पण ते शाळेच्या एकूण पटावर मोजतात, त्यामुळे एखादा वर्ग फुगलेला राहतो. या ४१ मध्ये काही जणं गोष्टीचं पुस्तक घडाघडा वाचत होती आणि काहींना ‘ग’ आणि ‘म’ यांतला फरक कळत नव्हता. तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला समजून वाचता आलं पाहिजे, हे केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ मोहिमेचं उद्दिष्ट भिंतीवर रंगवलेलं होतं. बाईंना तिसरीत पाठवायची मुलं दिसत होती आणि हाताशी एक फुकटचा माणूस आला होता. वाटणी स्वाभाविक होती. मीही आनंदाने घेतली. कच्च्या मुलांना शिकवणं यात एक मोठेपणा असतो. तो मला हवाच होता, हे आता कबूल करायला हरकत नाही.

हिशेबनीस असल्यामुळे पहिलं काम केलं ते वही घातली. मुलांना वाचता येतं का हे तपासणाऱ्या ‘असर’ या देशव्यापी पाहणीत वापरतात ती उतरंड घेतली: अक्षर, मग शब्द, मग पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, मग दुसरीच्या पातळीची गोष्ट. मुलाने पाच अक्षरं निवडायची, चार बरोबर आली तर अक्षर येतं असं धरायचं. सातपैकी दोघांना अक्षरंही येत नव्हती, तिघांची गाडी अक्षरांपाशी अडली होती, दोघं अडखळत शब्द वाचत होती. छोटी अक्षरवाल्यांतली.

सतरंजी अंथरली, शब्दकार्डं केली. पुठ्ठा जुन्या कॅलेंडरचा, अक्षरं माझ्या हातची, ठसठशीत. पहिला महिना मजेत गेला. छोटीच्या घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा समाजाची बोली, बोलतात. वडील बिगारी, आई घरकामाला. ‘आ’च्या कार्डावर मी साडीतली बाई काढली होती. ते बघून छोटी ठामपणे म्हणाली, “याडी.” मी म्हटलं, “आई.” ती म्हणाली, “याडीच हाय ही.” चित्र बघून बोलायचं तर तिचंच बरोबर होतं. ‘आ’ शिकवायला ‘आई’ घ्यावी, हे ज्यांच्या घरी आईला आई म्हणतात त्यांना सुचतं. मी ‘आंबा’ काढून आणला.

बारखडी तिला तोंडपाठ होती. क, का, कि, की एका दमात, मान हलवत. पण मधलीच ‘कि’ दाखवली की ती ‘क’पासून पुन्हा सुरू करायची आणि बोटांनी मोजत तिथवर यायची. असं पाठांतर आमच्या पिढीत हुशारीचं लक्षण मानत. मलाही सुरुवातीला ते प्रगतीच वाटलं.

वहीतली खूण

ऑक्टोबरपर्यंत माझी वही सांगत होती की छोटी शब्द वाचायला लागली आहे. वीस कार्डांपैकी चौदा-पंधरा बरोबर. बाईंना मी हे मोठ्या तोऱ्यात सांगितलं. बाई म्हणाल्या, “वर्गात तर एक शब्द वाचत नाही हो.” मला राग आला. बाईंनी तिला धीराने विचारलं नसेल, असं मनात आलं. बोललो नाही.

त्याच आठवड्यात शुक्रवारी एक किरकोळ गोष्ट घडली. मी ‘बदक’चं कार्ड धरलं आणि चष्म्याची काडी निसटली म्हणून मान खाली घालून ती बसवू लागलो. छोटी गप्प. मी खाली बघूनच म्हटलं, “वाच की.” तरी गप्प. काडी बसली, मी वर बघितलं, आणि तिने ताबडतोब “बदक” म्हटलं.

तिची नजर कार्डावर नव्हतीच. माझ्या तोंडावर होती.

मी पुन्हा करून बघितलं. कार्ड चेहऱ्यासमोर धरलं तेव्हा ती कार्डाच्या बाजूने वाकून माझा चेहरा शोधायला लागली. मुलाने वाचायच्या आत माझे ओठ पहिल्या अक्षराच्या तयारीला लागतात, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. घरी आरशासमोर उभा राहिलो, ‘पतंग’चं कार्ड हातात घेतलं, कोणी तरी वाचतंय अशी कल्पना केली, आणि बघतो तर ओठ मिटलेले, पुढच्या क्षणी उघडायच्या बेतात.

रात्री वही काढली. शाळेत व्याकरणात शिकलेलं कुठे उपयोगी पडेल सांगता येत नाही: प, फ, ब, भ, म हे ओष्ठ्य वर्ण, ओठ मिटल्याशिवाय उमटत नाहीत, क, ख, ग, घ हे कंठ्य, बाहेरून काही दिसत नाही. छोटीच्या बरोबरच्या खुणा बघत गेलो. बदक, मगर, पतंग, बटाटा, मका, फणस. सगळे ओठांवरचे. चुकलेले शब्द होते गवत, कणीस, नळ, घर. वीस कार्डांत ओठांवरचे शब्द जास्त होते, कारण चित्र काढायला मला ते सोपे गेले होते.

म्हणजे तीन महिने मी तिला वाचायला शिकवत होतो असं मला वाटत होतं, आणि ती माझा चेहरा वाचायला शिकली होती. सात वर्षांच्या मुलीच्या मानाने ही अक्कल थोडीथोडकी नव्हे.

“बाहेर का बसवता?”

पुढच्याच आठवड्यात, साडेपाचला शाळा सुटताना, तिची आई फाटकाशी उभी होती. कामावरून थेट आली असावी, हातात पिशवी. मला म्हणाली, “सर, माझ्या पोरीनं काय केलं? दर मंगळवारी, शुक्रवारी तिला वर्गाबाहेर का बसवता?”

मी समजावू लागलो की ही शिक्षा नाही, जादा अभ्यास आहे. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “आतल्या पोरास्नी बी द्या की जादा अभ्यास. ते का आत?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आपल्याकडे वर्गाबाहेर जाण्याचे अर्थ किती? बाहेर उभं केलं म्हणजे गृहपाठ केला नाही, दंगा केला, फी भरली नाही. चांगल्या कारणासाठी वर्गाबाहेर बसवलेलं मूल मी स्वतःच्या लहानपणीही पाहिलेलं नाही. आई शाळेत फार गेली नसेल, पण बाहेर बसण्याचा अर्थ तिला पक्का माहीत होता. मुलांनाही माहीत होता. मधल्या सुट्टीत खिचडीच्या रांगेत एका मुलाने छोटीला ‘आजोबावाली’ म्हणून चिडवल्याचं मी स्वतः ऐकलं होतं आणि हसून सोडून दिलं होतं. ‘आजोबांची मुलं’ म्हणजे ‘ढ’, हे भाषांतर वर्गात कधीच झालं होतं.

बाईंबरोबर हजेरीपट बघितला. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छोटी ९ दिवस गैरहजर, त्यातले ७ मंगळवार किंवा शुक्रवार.

आणखी एक गोष्ट त्या संध्याकाळी बाईंनीच सांगितली. मंगळवारी आणि शुक्रवारी ज्या वेळी मी सात जणांना बाहेर नेत होतो, ती गणिताची तासिका होती. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधून दशक आणि सुटे शिकवायचं काम त्याच तासांना झालं. सात जणांनी एकही गठ्ठा बांधला नव्हता. वाचन सुधारायला नेलेल्या मुलांचं गणितही मी घालवलं होतं.

गणितात माझा आणखी एक हातभार होता. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘सत्तावीस’च्या बरोबरीने ‘वीस सात’ असं वाचनही आलं, तेव्हा राज्यभर गदारोळ झाला होता. आमच्या सकाळच्या कट्ट्यावर मी तावातावाने विरोधात बोललो होतो. व्हरांड्यात एखाद्या मुलाने २७ ला ‘वीस सात’ म्हटलं की मी ताबडतोब दुरुस्त करायचो: सत्तावीस! छोटीला एकदा सत्तावीस लिहायला सांगितलं, तिने ७२ लिहिलं. चुकलं कुठे? तिने ऐकलं ते लिहिलं. ‘सत्ता’ आधी, ‘वीस’ नंतर. मराठीत सुटे आधी बोलतात आणि दशक आधी लिहितात. एकोणतीस म्हणताना तर नऊचा पत्ताच नसतो. बाई ‘वीस सात’ची शिडी लावून मुलांना ‘सत्तावीस’पर्यंत नेत होत्या आणि मी आठवड्यातून दोनदा ती शिडी काढून घेत होतो. सत्तावीसवरचं माझं प्रेम आजही तेवढंच आहे, पण ते दुसऱ्याच्या वर्गात गाजवायचं नसतं.

बालसखीशी तुलना

माझी बाजू मांडायला मी एक उदाहरण घेऊन बाईंकडे गेलो होतो. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदऱ्याच्या पालिका शाळांत ‘प्रथम’ या शिक्षणक्षेत्रातल्या संस्थेच्या बालसखी उपक्रमाची कसोशीने तपासणी झाली. ती करणाऱ्या अभ्यासगटातले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफलो यांना पुढे २०१९ मध्ये नोबेल मिळालं. बालसखी म्हणजे वस्तीतलीच शिकलेली मुलगी. ती तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना वर्गाबाहेर नेऊन शिकवायची, आणि ती मुलं खरोखर पुढे सरकली. मग माझा व्हरांडा का चालला नाही?

बाईंनी विचारलं, “बालसखी किती वेळ घ्यायची?”

रोज दोन तास. मी आठवड्यातून दोनदा, दीड तास. तिला प्रशिक्षण होतं, मानधन होतं, ठरलेला पाठ होता. मला उत्साह होता. ती त्याच वस्तीतली, मुलांच्या घरची भाषा कानावर असलेली. मी रस्त्यापलीकडचा, ‘याडी’ ऐकून गोंधळलेला. बाहेर बसवणं एवढंच आमच्यात सारखं होतं.

त्याच अभ्यासातली दुसरी बाब मला तेव्हा महत्त्वाची वाटली नव्हती. मागे पडलेली मुलं बाहेर गेल्यावर वर्गात उरलेल्यांचा वर्ग लहान झाला, तरी त्यांना त्याचा फायदा झालेला दिसला नाही. म्हणजे “बाकीच्यांना घेऊन मी पुढे जाते” हेही आपोआप होत नाही.

उलट बाजूचा पुरावा इंग्लंडमधला आहे. तिथे वर्गात पगारी सहायक असतात. लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनमधल्या पीटर ब्लॅचफर्ड यांच्या गटाने २००३ ते २००८ या काळात केलेल्या मोठ्या अभ्यासात आढळलं की ज्या मुलांना सहायकाची मदत जास्त, त्यांची प्रगती तशाच इतर मुलांपेक्षा कमी. एक कारण असं, की सहायकाला काम पूर्ण करून घ्यायची घाई असते. तो उत्तर पुरवत जातो. दुसरं असं, की सहायकाच्या वाट्याला गेलेलं मूल शिक्षकाच्या हातून सुटतं. ज्याला सर्वात जास्त शिक्षक हवा, त्याला सर्वात कमी शिक्षक मिळतो. माझे पुटपुटणारे ओठ आणि गणिताचे बुडालेले तास, दोन्ही यात आले.

अदलाबदल

तोडगा बाईंचा. दिवाळीच्या सुट्टीआधी त्या म्हणाल्या, “काका, असं करू. ती सात मला द्या. उरलेली चौतीस तुम्ही सांभाळा.”

आता सतरंजी आत, फळ्याजवळच्या कोपऱ्यात अंथरली गेली. बाई सात जणांना घेऊन तिथे बसणार. मी त्याच खोलीत, त्यांच्या डोळ्यांसमोर, बाकीच्यांना बाईंनी नेमून दिलेलं काम करून घेणार. शिकवायचं काही नाही. वह्या बघायच्या, गोष्ट वाचून दाखवायची, शिसपेन्सिलींना टोक काढायचं, भांडणं सोडवायची. गणिताची तासिका हलवून सकाळच्या परिपाठासारखी दुपारी पहिल्याच तासाला आणली, म्हणजे ती सगळ्यांची एकत्र होईल.

पहिल्या दिवशी चौतीस मुलांनी मला दहा मिनिटांत वाशीच्या भाजी मार्केटात नेऊन सोडलं. एकाच्या पेन्सिलीवरून तिघं, तिघांवरून एक अख्खी रांग. मी ओरडलो तर आवाज दुप्पट झाला. कोपऱ्यातून बाई न उठता नुसतं “अर्धं वर्तुळ” म्हणाल्या आणि वर्ग हाताची घडी घालून बसला. मुलं शांत कशी बसतात याची एक भाषा असते आणि ती बाईंनी जूनपासून कमावलेली होती. मी पुढचे दोन आठवडे त्यांचेच शब्द, त्यांच्याच सुरात वापरायला शिकलो. स्वतःचं काही आणायचं नाही, हे मला सर्वात अवघड गेलं.

मग जमत गेलं. गोष्ट मोठ्याने वाचताना मी मध्येच थांबायचो आणि पुढचं वाक्य कोणीतरी पुस्तकात बघून पूर्ण करायचं. वह्या तपासताना बाईंनी सांगितलेली खूणच करायची: चूक खोडायची नाही, बाजूला टिंब. पानभर टिंबं असली की मूल स्वतःच शोधतं. दर शुक्रवारी जाताना बाईंना एक चिठ्ठी द्यायची, कोण कुठे अडलं. तीन ओळी, जास्त नाही. माझ्या हिशेबाच्या वहीचा खरा उपयोग इथे झाला.

नोव्हेंबरमध्ये विधानसभेची निवडणूक होती, मतदान २० तारखेला. बाईंना प्रशिक्षणाला जावं लागलं. कायद्याने शिक्षकांना जी तीन बाहेरची कामं सांगता येतात, जनगणना, आपत्ती आणि निवडणूक, त्यातलंच हे. एका मंगळवारी कार्यालयातून मला विचारलं गेलं, आज वर्ग एकट्याने घ्याल का? मी नाही म्हटलं. वर्ग शेजारच्या तुकडीत बसवला. शेजारच्या बाई दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यांच्या जागी मीही बोललो नसतो. पण मुलाला लागलं, मूल फाटकाबाहेर गेलं, तर जबाबदार कोण, या प्रश्नाला माझ्याकडे कागद नव्हता.

पुढे

सातपैकी दोघं दिवाळीनंतर आलीच नाहीत. काम संपलं आणि कुटुंब दुसऱ्या बांधकामावर गेलं. कुठल्या शाळेत घातलं की नाही, कळलं नाही. छोटीही पंधरा दिवस उशिरा आली, गावाहून. आम्ही धास्तावलो होतो.

बाईंनी तिच्यासाठी बारखडी बंद केली. तीन अक्षरं घ्यायची, त्यांचेच शब्द बनवायचे, तिने बोट ठेवून वाचायचे, आणि वाचून होईपर्यंत बाई खिडकीबाहेर बघायच्या. खिडकीबाहेर बघायचं हे माझ्या चष्म्याच्या काडीवरून आलं. सुरुवातीला छोटी बाईंचा पदर ओढायची, इकडे बघा म्हणून. जानेवारीत तिने ‘गवत’ वाचलं. मी चौतीस मुलांच्या गोंगाटातून ते ऐकलं आणि गोष्टीची ओळ चुकलो.

मार्चमध्ये पुन्हा तीच पायऱ्यांची चाचणी घेतली, या वेळी बाईंनी. उरलेल्या पाचपैकी तिघं परिच्छेदावर, त्यांत छोटी, हळू आणि बोट ठेवून. एक शब्दांवर. एकाचं अक्षरांपाशीच अडलेलं. त्याचे डोळे तपासायला हवेत असं बाईंना वाटलं, ते जूनआधी करायचं ठरलं. गणितात छोटी २७ बरोबर लिहिते. बाईंना वाचून दाखवताना ‘वीस सात’ म्हणते, मला दाखवताना ‘सत्तावीस’.

सतरंजीचं मात्र वेगळंच झालं. फेब्रुवारीपर्यंत वर्गातल्या हुशार मुलांनीही बाईंच्या मागे लागायला सुरुवात केली, “बाई, मला पण सतरंजीवर.” बाई जिथे बसतात ती जागा मोठी. मग बाईंनी रोज एक पाहुणा बसवायचं ठरवलं. वार्षिक परीक्षेच्या तोंडावर त्यांनी छोटीला सांगितलं, आता तुला वाचता येतं, तू बाकावर बस. ती दोन दिवस फुगून बसली. तिसऱ्या दिवशी शुक्रवार होता. मी वर्गात शिरलो तर सतरंजी अंथरलेली, आणि छोटी बाई यायच्या आधीच कोपरा धरून बसलेली.